मुळीकची डावी नडगी

"दुखतंय?"

"न्हाई."

मी अंगठा अर्धा इंच खाली सरकवून पुन्हा दाबला. "इथं?"

"न्हाई ताई."

चेहरा अगदी शांत होता. नजर समोरच्या भिंतीवर, डासांपासून बचाव कसा करावा हे सांगणाऱ्या तक्त्यावर. पण टेबलाच्या कडेबाहेर आलेल्या त्या पायाची पाचही बोटं एकदम आत वळली आणि मी अंगठा उचलेपर्यंत तशीच राहिली.

"मुळीक, बोटं का वळली?"

"थंडी हाय ताई."

थंडी होतीच. जानेवारी महिना, डोंगरावरचा लष्करी तळ आणि पत्र्याच्या छपराची तपासणीची खोली. मी त्याला टेबलावरून खाली उतरवलं. म्हटलं, डाव्या पायावर उभं राहून दहा उड्या मारा. त्याने मारल्या. चौथ्या उडीनंतर कपाळावर घाम आला. दहावी झाल्यावर म्हणाला, "अकरावी मारू का? तुमी म्हणाल तर."

"खाली बसा."

"तुमी उस्तादांची पोरगी ना?" तो टेबलावर चढत म्हणाला. "दाबायचा हात बी त्यांचाच हाय."

उस्ताद म्हणजे माझे वडील, सुभेदार हणमंत शेडगे. लष्करातल्या सगळ्यांत कठीण तुकडीत येऊ पाहणाऱ्या जवानांना तीन महिने चाळून काढण्याचं काम त्यांच्याकडे होतं. कुठल्या कुठल्या पलटणींतून स्वखुशीने आलेली पोरं. त्या वेळी चौऱ्याऐंशी आली होती. मी तिथे पोचले तेव्हा एकतीस उरली होती. शनिवारी शेवटची परीक्षा होती, पाठीवर तीस किलो घेऊन साठ किलोमीटर. जो पोचेल तो तुकडीत.

मी तेवीस वर्षांची होते. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून शिकाऊ म्हणून काम करत होते. तळाच्या डॉक्टर मेजर सबनीस यांनी आमच्या कॉलेजकडून तीन आठवड्यांसाठी दोन मुली मागवल्या होत्या. दुसरी कावीळ होऊन परत गेली, मी एकटी राहिले. काम साधं होतं. प्रत्येक जवानाची पाठ, गुडघे, घोटे, नडग्या तपासायच्या आणि दुखणं असेल तर छापील कागदावर लिहायचं. कोणाचं काय, कधी आणि कशाने मोडतं हे एकदा नीट मोजलं, तर ते मोडण्याआधी थांबवता येईल, असं मॅडमचं म्हणणं होतं. वजन टप्प्याटप्प्याने वाढवायचं, झिजलेले बूट वेळेवर बदलायचे, आठवड्यात एक दिवस पायांना विश्रांती द्यायची. वरिष्ठांना ते पटवायला त्यांच्याकडे आकडे हवे होते. तीन वर्षांच्या कागदांवर आकडा एकच होता, शून्य.

"कागद वाचले तर जगातली सगळ्यात निरोगी माणसं इथे राहतात," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "मग चौऱ्याऐंशीतले त्रेपन्न गेले कुठे?" आणि त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. घरगुती कारण. इच्छा नाही. शिस्तभंग. शिस्तभंग. शिस्तभंग. पायामुळे कोणीच गेलं नव्हतं.

मी ड्रॉवरमधून ट्यूनिंग फोर्क काढला. वाजवला की बराच वेळ थरथरत राहणारा पोलादी चिमटा असतो तो. हाडाला बारीक चीर असेल तर त्याची थरथर तिथे झोंबते. निदान तसं मानतात. आमच्या सरांनी शिकवतानाच सांगितलं होतं की ही खूण दहातल्या तीनचार वेळा फसवते. मी तो मुळीकच्या नडगीवर टेकवला. या वेळी त्याने डोळे मिटले.

"किती दिवस?"

तो बुटाकडे हात न्यायला लागला.

"मुळीक, किती दिवसांपासून?"

"ताई," तो म्हणाला, आणि त्या 'ताई'त आता गंमत नव्हती. "लिहू नका. चार दिवस ऱ्हायलेत. मी सव्वीसचा हाय, आमच्या पलटणीतनं मी एकटा आलोय. गावाकडं माणला सगळ्यांना ठाऊक हाय मी कुठं आलोय ते. तुमी काय बी सांगा, चुन्यात पाय घालून बसतो, गरम पाण्यात ठेवतो. पण लिहू नका."

"चालताना हाड मोडलं तर?"

"तर मोडंल. पोचल्यावर मोडू दे."

मी कागद कोरा ठेवला. त्याला म्हटलं, विचार करते. नाईक सदाशिव मुळीकने बूट घातला, लेस आवळताना जरा थांबला आणि सरळ चालत बाहेर गेला. इतका सरळ, की क्षणभर मला वाटलं मीच चुकले.

*

आबांच्या क्वार्टरला तीन पायऱ्या होत्या. त्या ते नेहमी आडवे होऊन उतरत, एका वेळी एक, जणू कडेला काहीतरी बघतायत. उजवा गुडघा. कधीपासून, कशाने, हे आम्हा घरच्यांनाही माहीत नव्हतं. मी एकदा तपासू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, दुसऱ्याचे बघ आधी.

त्या संध्याकाळी स्वयंपाक तेच करत होते. आई गावी होती.

"आबा, तुमच्या एका पोराचा पाय बरा नाही."

"डावा."

"मी नाव पण सांगितलं नाही."

"मुळीक. आज दहावा दिवस." त्यांनी वांगी कढईत सोडली. "माणसाच्या बुटाचा आवाज दोनदा येतो. टाच, मग पंजा. त्याचा डावा एकदाच येतो, सपाट. धोंडा टाकल्यासारखा."

"मग मॅडमना का सांगितलं नाही?"

"मीठ बघ जरा."

मी मीठ बघितलं. ठीक होतं.

"काय झालंय त्याला नक्की?" त्यांनी विचारलं.

"हाडाला बारीक चीर असावी. फार चालून, फार वजनाने पडते तशी."

"असावी, का आहे?"

"जवळजवळ नक्की."

"जवळजवळ," ते म्हणाले. हिणवून नाही. ते तसे शब्द पुन्हा म्हणत, नवीन जागेचं नाव लक्षात ठेवावं तसे.

"शनिवारी साठ किलोमीटर चालला तर त्या चिरेचे दोन तुकडे होतील आबा. मग सळई घालावी लागेल. कदाचित नोकरीच जाईल."

"कळतंय."

"मग?"

"कागदावर घालू नगंस. शनिवारपतूर थांब. मी बघतो."

"काय बघता?"

त्यांनी गॅस बारीक केला, ताटं मांडली आणि आईचा फोन येऊन गेला का ते विचारलं. मला वाटलं ते मुळीकला बाजूला घेऊन समजावतील, किंवा साहेबांशी बोलतील, वडीलधाऱ्या माणसांकडे असतो तसा काहीतरी मार्ग काढतील. मी त्या भरवशावर बुधवार, गुरुवार, शुक्रवार काढले.

*

शनिवारी उजाडताना मी मैदानावर गेले, तर मुळीक रांगेत उभा. पाठीवर पिट्टू, हातात रायफल, डावीकडून सातवा. आबांनी काहीच केलं नव्हतं. माझ्या स्वेटरच्या खिशात त्याच्या नावाचा कोरा कागद होता, चार घड्या केलेला. मॅडमची जीप अजून आली नव्हती. मी ठरवलं, रांग हलायच्या आत मी पुढे जाऊन थांबवणार. मग काय व्हायचं ते होऊ दे.

निघण्याआधी पाण्याच्या बाटल्या तपासायची तिथे रीत होती. बाटली काठोकाठ भरलेली हवी. अर्धवट असेल तर चालताना पाणी आत डुचमळतं, आवाज येतो, आणि अंधारात शत्रूच्या जवळून जाताना तो आवाज दहा जणांचा जीव घेऊ शकतो. आबा एकेकाची बाटली घेऊन त्याच्याच कानाशी हलवत होते. आवाज नाही, पुढे. आवाज नाही, पुढे.

सातव्यापाशी आवाज आला. मला पंधरा पावलांवर ऐकू आला.

आबा थांबले. पुन्हा हलवली. मग बाटली उंच धरून सगळ्या रांगेला ऐकवली. तळावर सगळे हिंदीत बोलत, पण आबा चिडले की मराठीवर येत.

"वरात निघालीय का रं कुणाची? वाजंत्री आणलीयस ती?"

रांगेतला कोणीतरी हसला.

"नवरदेवाला पाणी भरायला माणूस लागतं काय? करवली पाठवू?"

"न्हाई उस्ताद."

"तीन महिनं तुला एकच शिकवलं. एक बाटली भरता येत न्हाई, आन् निघाला डोंगर चढायला. तुझ्या ह्या दोन घोटांपायी नऊ पोरांच्या आया रडतील. काढ पिट्टू."

"उस्ताद..."

"काढ म्हणतो ना. खाली ठेव. माझ्या पोरांत तुझं काम न्हाई. शिस्तभंग, लिहून घे रे."

मुळीकने पिट्टू खाली ठेवला. त्याचे डोळे भरले होते, ते मला स्पष्ट दिसलं. त्या रांगेसमोरून, सगळ्यांच्या नजरेखालून, तो बराकीकडे चालत गेला. आता तो लंगडत होता, उघडउघड. आबांनी बाटली उलटी करून उरलेलं पाणी जमिनीवर ओतलं आणि आठव्याकडे गेले.

पाय वाचला होता. ते मला कळत होतं. आनंद व्हायला हवा होता. पण मला त्या हसण्याचा आवाज आठवत राहिला आणि रजिस्टरमधला तो एकाखाली एक लिहिलेला शब्द. म्हणजे हे असं होतं तर. पायाची नोंद होऊ नये, आपल्या उस्तादगिरीखाली कोणाचं हाड मोडलं असं कागदावर येऊ नये, म्हणून जखमी माणसाला बेशिस्त ठरवून हाकलायचं. आणि त्यासाठी आबांनी माझ्याकडून चार दिवस मागून घेतले होते.

रांग निघून गेल्यावर मी त्यांना गाठलं.

"आबा, पाण्यासाठी?"

"तू आत जा."

"त्याला दुखापत आहे म्हणून सांगायचं होतंत. इज्जतीने गेला असता."

"उज्ज्वला, हितं मी सुभेदार हाय. आत जा."

मी आत गेले. पण आबा सांगत होते त्या आत नाही, तपासणीच्या खोलीत. मॅडम नुकत्याच आल्या होत्या, हातमोजे काढत होत्या. मी खिशातला कागद काढून टेबलावर सरळ केला आणि त्यांच्यासमोर उभ्याउभ्या भरला. नाईक सदाशिव मुळीक. डावी नडगी, मधला एक तृतीयांश भाग. हाडाला चीर. तपासणीची तारीख मंगळवारची.

मॅडमनी तो वाचला. बराच वेळ हातात धरून ठेवला. तीन वर्षांतला त्यांचा तो पहिला भरलेला कागद होता.

"एक्स-रे काढू या आजच. पण इतक्या लवकर त्यात दिसेलच असं नाही. नाही दिसलं तर सगळं तुझ्या बोटावर येईल. खात्री आहे तुला?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण खात्री आहे, मॅडम."

*

एक्स-रे स्वच्छ आला.

सोमवारी सकाळी कर्नलसाहेबांनी बोलावलं. मला नाही. मॅडम, आबा आणि मुळीक. मी बाहेरच्या बाकावर बसले. आबा कडक इस्त्रीच्या कपड्यांत माझ्यासमोरून आत गेले, माझ्याकडे न बघता. आत काही मोठ्याने बोलणं झालं नाही. पंखा नव्हता तरी कॅलेंडरचं पान हलत होतं, ते मी बघत बसले. दहाबारा मिनिटांत दार उघडलं.

आबा म्हणाले, "जेवून घे," आणि गेले.

मॅडम मागून आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा कागद राहिला," त्या म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता आणि तो त्या दाखवत नव्हत्या.

मुळीक दुपारच्या ट्रकने जाणार होता. मी मुद्दाम गेले. मला वाटलं होतं तो माझे आभार मानेल. हे लिहायला आज लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं. रजिस्टरमधल्या शब्दावर काट मारली गेली होती. तो आता बेशिस्त नव्हता, जखमी होता.

तो ट्रकच्या फाळक्याला टेकून उभा होता. सामान आधीच वर चढवलेलं.

"ताई," तो म्हणाला, "कशापायी केलंत?"

"तुमच्यावर अन्याय झाला म्हणून."

"कुणी केला?"

"आबांनी. बाटलीसाठी सगळ्यांसमोर..."

"बाटली मीच ओतली व्हती."

मला कळलं नाही.

"उस्तादांनी आदल्या दिवशी सांगितलं. अर्धी बाटली ओतून ये, मी शिव्या देईन, तोंड उघडायचं न्हाई. शिस्तीवर गेलेला गडी सहा महिन्यांनी पुन्हा येतो. तवर पाय बरा कर, ये आन् उभा ऱ्हा म्हणाले, मी हाय हितं." त्याने फाळक्यावर हलकेच बुक्की मारली. "पायावर गेलेला परत येत न्हाई ताई. त्याच्या कागदावर शिक्का बसतो. त्याला ह्या फाटकातनं पुन्यांदा कुणी आत घेत न्हाई."

"तुम्ही रडत होतात."

"मग? खोटं असलं तरी शिव्या खऱ्याच लागतात की."

"मला कोणी सांगितलं नाही."

"सांगायची गोष्ट असती का ही?" तो चढला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मुळीकने वरून माझ्याकडे बघितलं, रागाने म्हणावं तर तसंही नाही. हिशेब कुठे चुकला ते कळू नये आणि माणूस नुसता पाटीकडे बघत राहावा, तसं.

त्या आठवड्यात मी परत निघाले. आबा एसटी थांब्यापर्यंत आले. वाटेत मी म्हटलं, "मला आधी सांगायचं होतंत."

"काय सांगायचं होतं?" ते म्हणाले. "खोटं लिही म्हणून?"

गाडी आली. त्यांनी माझी बॅग वर ठेवली. त्यानंतर त्या शनिवारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी विचारलं नाही आणि ते सांगणाऱ्यातले नव्हते. इतकं कळत होतं की मी एका माणसाचं आयुष्य वाकडं केलं आणि आबांची एक रीत उघड्यावर आणली. ते माझ्यावर रागावले असणार हे मी धरून चालले. सतरा वर्षं धरून चालले.

ते दोन वर्षांनी निवृत्त झाले. तेवढ्या सेवेच्या सुभेदाराला जाताना मानाचा लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो, अशी गावात सगळ्यांची खात्री होती. पंधरा ऑगस्टची यादी आली, सव्वीस जानेवारीची आली. चावडीवर लोक विचारत. आबा म्हणत, दिल्लीत नाव लिहायला शाई संपली.

*

या फेब्रुवारीत आबा गेले. हृदयविकाराने, सकाळी, गोठ्यासमोर. दहाव्याला नदीवरून घरी परतलो, तर अंगणात एक माणूस बसला होता. कनपटीचे केस पांढरे, अंगात पांढरा शर्ट. मी ओळखलं नाही. तो उठून उभा राहिला तेव्हा ओळखलं, कारण तो अजून तसाच सरळ उभा राहत होता.

"मुळीक."

"ताई."

आई आत बायकांत होती. मी त्याला पाणी दिलं आणि ओट्यावर बसले. तो म्हणाला, त्या वेळेनंतर तो आपल्या पलटणीत बारा वर्षं राहिला, सामानाच्या कोठीवर. आता गावी डाळिंबाची बाग आहे. दोन मुली. मोठी बारावीला.

"पुढच्या साली त्या तळावर आठवड्याला एक दिवस सुट्टी चालू झाली म्हणं," तो म्हणाला. "वजन बी हळूहळू वाढवायला लागले."

"मॅडमनी कळवलं होतं मला. पत्रात आकडे होते. पाय मोडणारे निम्म्यावर आले."

"तुमच्या कागदानं झालं."

"तुमच्या पायाने."

तो जरासा हसला. अंगणात लोक पत्रावळी मांडत होते.

"ताई, त्या दिवशी आत साहेबांनी काय विचारलं, ठाऊक हाय तुम्हाला?"

"काय विचारणार? माझा कागद होता, मॅडमनी तो पुढे केला."

"कागदानं काय बी झालं नसतं. फोटू साफ व्हता. साहेब म्हणाले, शेडगे, पोरगी शिकाऊ हाय, तुझीच हाय, चूक होऊ शकती. तू ह्याला रोज बघतोस. ह्याचा पाय दुखतो का, तेवढं सांग." मुळीकने एक बोट वर केलं. "एकच प्रश्न. उस्तादांनी 'नाही साहेब' म्हटलं असतं, तर साहेबांनी तिथंच कागद फाडला असता. हातात धरलाच व्हता त्यांनी. मी सहा महिन्यांनी परत गेलो असतो."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, दुखतो. पंधरा दिवस मला ठाऊक हाय. मीच लपवला. बाटलीचं नाटक बी माझंच, मुळीकचा दोष न्हाई. मुलीनं बरोबर लिहिलंय." तो थांबला. "मी बाजूलाच सावधान उभा. मला वाटलं माझे कान खराब झाले. साहेब म्हणाले, शेडगे, तू काय बोलतोस तुला कळतंय का? हे तुझ्या नावावर चढंल. म्हणाले, चढू द्या."

पत्रावळींवर कोणीतरी मीठ वाढत चाललं होतं. दिल्लीतली शाई, मला एकदम कळलं. आईला हे माहीत नव्हतं. अजूनही नाही.

"मी बारा वर्षं त्यांचं तोंड बघितलं न्हाई," मुळीक म्हणाला. "त्यांच्या एका शब्दावर माझं सगळं व्हतं ताई. मला वाटायचं, पोरीसाठी मला विकलं." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "म्हणून मला तुम्हाला एक विचारायचंय. खरं सांगा, राग न्हाई. खरंच मोडलं व्हतं का?"

मी त्याच्या डाव्या पायाकडे बघितलं.

"दोन महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात यंत्रात घातलं मला," तो म्हणाला. "काय न्हाई निघालं. डॉक्टर म्हणाला, जुळलं असंल न्हाईतर नसंलच. कुणी सांगंना. सतरा वर्षं मी त्या पायावर उभा हाय, आन् मला ठाऊक न्हाई."

एक शब्द पुरला असता. 'हो' म्हटलं असतं तर तो निवांत गेला असता. पाय तुटणार होता, वाचला, असं मुलींना सांगता आलं असतं. आबांनाही ते शोभलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"आता. तवा?"

"तेव्हाही माहीत नव्हतं. वाटत होतं. दहात सहासात वेळा खरं ठरतं, इतपत. मॅडमनी विचारलं तेव्हा मी चिडले होते. खात्री आहे म्हणून सांगितलं."

मला वाटलं तो उठून जाईल. पण त्याने नुसती मान हलवली, दोनदा, सावकाश. उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसासारखी.

"उस्ताद बी असंच म्हणाले."

"कधी?"

"पाच वर्षं झाली. राग गिळून आलो व्हतो मी हितं, तुमी पुण्याला व्हता. त्यांना बी हेच विचारलं. म्हणाले, मला काय ठाऊक मोडलं व्हतं का ते. म्हटलं, मग ताईला तरी खात्री व्हती ना? म्हणाले, न्हाई. घरी मला जवळजवळ म्हणाली व्हती. रागाच्या भरात पक्कं लिहून आली. मला तिच्या तोंडावर दिसत व्हतं."

"त्यांना कळलं होतं?"

"आत जायच्या आधीपासनं."

मी अंगणाकडे बघत होते. पहिली पंगत बसली होती. मला काही नीट जोडता येत नव्हतं. मी चुकले असेन तर मुळीकचं गेलं, त्यांचंही गेलं, आणि तेही कशासाठी, तर मी रागात उच्चारलेल्या एका 'हो'साठी. त्यांनी ते सगळं पाहिलं होतं आणि त्या खोलीत जाऊन ते खरं आहे म्हणून सांगितलं होतं. माझ्यासाठी म्हणावं, तर नंतर एका शब्दाने बोलले नाहीत. पोरांच्या पायांसाठी म्हणावं, तर ती बाटलीची रीत त्यांचीच होती, वर्षानुवर्षांची.

"मग ते तसं का बोलले?" मी विचारलं.

मुळीकने माझ्याकडे बघितलं. ट्रकवरून बघितलं होतं त्याहून जास्त गोंधळून.

"मी विचारलं की त्यांना. तर उठले आन् गुरांना वैरण टाकाय गेले." त्याने रिकामा तांब्या बाजूला ठेवला. "तेच विचारायला आलोय ताई. मला वाटलं, तुम्हाला तरी सांगितलं असंल."

आतून आईने हाक मारली, लांबून आलेल्या पाहुण्यांना जेवायला बसव म्हणून. आम्ही दोघंही उठलो नाही.